मुंजाजी मापाड्याचे दहा शेअर

परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे कापसा-धान्याच्या बाजारात, तेव्हा पंधरा-सोळा मापाडी असतील. काटा सगळ्यांचाच चालायचा. चालता काटा हातानं थांबवणारा मात्र एकच होता, पिंगळीचा मुंजाजी. उंच, वाळका, उजवी बाही कायम खांद्यापर्यंत गुंडाळलेली. ती का, हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्या हाताचंच आहे.

कापसाची गाडी आली की आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचे. भाव ठरला की गाठोडी मापाड्यापुढे यायची. पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन. 'लाभ' म्हणायच्या आधी मुंजाजी प्रत्येक गाठोड्यात कोपराच्या वरपर्यंत हात घालायचा. वजन वाढावं म्हणून लोक आतल्या कापसावर पाणी मारतात आणि वर कोरडा थर देतात. हाताला ते लगेच कळतं. कळलं की तो डावा हात काट्याच्या दांडीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "थांबा. माल कुनाचा?"

ज्याचा असेल त्यानं पुढं येऊन "माझा" म्हणायचं आणि ओला कापूस वेगळा काढायचा. शिवी नाही, दंड नाही. पण चारशे माणसांसमोर तो एक शब्द काढताना भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. शिवाय माप होऊन गेल्यावर माल ओला निघाला, तर तीन दिवसांत विकणाऱ्यानं तो परत घ्यायचा, असा मोंढ्याचा कौल होता. लिहिलेला कुठंच नव्हता. एकदा मुंजाजीनं सख्ख्या भावाची, सुग्रीवची गाडी थांबवली. भाऊ दोन वर्षं बोलला नाही. मुंजाजी म्हणाला, "बोलंल की. हाताला नातं कळत न्हाई, त्याला मी काय करू?"

मी त्याला ओळखायचे ती त्याच्या मुलीमुळे. हैदराबादेत अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले आणि परभणीच्या मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. कोकिळा माझ्या वर्गात होती. मला शिकवायची हौस होती, पण समोरच्याला समजेपर्यंत थांबायचा धीर नव्हता. आजही नाही. माझे यजमान दिनकरराव दक्षिणतीर मिलच्या कापूस खरेदी कचेरीत कारकून. मिल दूर हैदराबादेकडे, कचेरी परभणीला.

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात मुंजाजी पत्र्याची एक नळी घेऊन शाळेच्या व्हरांड्यात आला. नळीत दक्षिणतीर मिलचा दहा शेअरांचा कागद होता. निजामाच्या राज्यात, दहा वर्षांपूर्वी, मिलच्या माणसानं पिंगळीच्या शेतकऱ्यांना, मुंजाजीलाही, कापसाच्या किमतीपैकी काही रोख दिली होती आणि काहीच्या बदल्यात हे कागद. बाकीच्यांनी ते कुठं टाकले ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. ह्यानं जपले होते.

"बाई, हे काय हाय ते एकदा नीट सांगा. दर सालाला गिरनीकडून थोडे पैशे येतेत. मी तर तितं काडीचं काम करीत न्हाई. फुकटचं खातोय का काय, असं वाटायलंय."

"फुकटचं नाही. तुम्ही मालक आहात गिरणीचे."

"मालक," असं म्हणून त्यानं मागं वळून पाहिलं, मागं कुणी उभं आहे का म्हणून.

"दहा शेअरांपुरते. गिरणी काढायला फार पैसा लागतो, एकाजवळ नसतो. म्हणून तिचे आठ हजार वाटे केले आणि हजार जणांना विकले. त्यातले दहा तुमचे. नफा झाला की दर वाट्याला थोडा येतो."

"आन् मला माजे पैशे माघारी पायजे आसले तर? येखादा माग सोडवून देतेत का?"

"माग सोडवून दिले तर गिरणी राहील का? पैसे हवे असतील तर आपला वाटा दुसऱ्या कुणाला तरी विकायचा. ती विकायची जागा म्हणजे शेअर बाजार."

"म्हंजी मोंढाच."

"मोंढाच. पण आत तुम्हाआम्हाला जागा नाही. आत फक्त दलाल. तुम्ही तुमच्या दलालाला कळवायचं, घेणारा त्याच्या दलालाला कळवतो. ते दोघं आत ओरडून भाव ठरवतात."

"वरडून? रुमाल न्हाई?"

"सगळ्यांना ऐकू जावा म्हणूनच ओरडतात. तोच भाव दुसऱ्या दिवशी पेपरात येतो."

"हे लय बरं हाय," मुंजाजी म्हणाला. "रुमालाखाली लय पाप चालतं. आन् माल कुठं आसतो?"

"माल गिरणीत. बाजारात कागद फिरतो."

"मंग हात कशात घालायचा?"

मला हसू आलं. मी म्हणाले, "हात घालायचं कामच नाही. गिरणी बरी चालली की घेणारे वाढतात, भाव चढतो. वाईट बातमी आली की विकणारे वाढतात, भाव पडतो. चार लोकांना जे ठाऊक असतं ते भावात उतरतं."

त्यानं कागदाची गुंडाळी करून नळीत सरकवली. टोपण लावता लावता विचारलं, "आन् ते चौघांतल्या एकालाच ठाऊक आसलं तर?"

घंटा झाली. "पुढच्या वेळी सांगते," म्हणून मी वर्गावर गेले. प्रश्न अगदी बरोबर होता. मी तो पुन्हा काढलाच नाही.

त्याच कार्तिकात एका दुपारी दिनकरराव जेवताना म्हणाले, "वरून पत्र आलंय. यंदा कापूस घ्यायचा नाही. पैसेच नाहीत. होळीपर्यंत मिलला कुलूप लागेल. हे कुठं बोलू नकोस, माझी नोकरी जाईल."

मी दुसऱ्याच दिवशी मुंजाजीला बोलावून घेतलं. "शेअर विकून टाका. आत्ता."

"का हो, बाई?"

"मला त्यातलं कळतं. तुमच्या कोकिळेच्या शिक्षणाला पैसे होतील."

त्यानं एवढ्यावर ऐकलं. हैदराबादच्या दलालाला पत्र मीच लिहिलं. मालकी बदलायचा छापील फारम आला. त्यात विकणाऱ्याची सही असते आणि घेणाऱ्याचं नाव तेव्हा कोरंच असतं. मुंजाजीनं जीभ दातात धरून सही केली, साक्षीदार म्हणून खाली माझी. आठवड्यात दहाही शेअर प्रत्येकी बत्तीस रुपयांना गेले. त्यानं ते पैसे पोस्टात कोकिळेच्या नावावर ठेवले आणि मला एक पायली नवी ज्वारी आणून दिली. मी ती घेतली. मला वाटलं होतं, एका गरीब माणसाचं मी भलं केलं.

आतली बातमी कळल्यावर शेअर विकण्याला आज कायद्यात गुन्हा म्हणतात. तेव्हा आमच्याकडे शहाणपण म्हणत.

फाल्गुनात मिल बंद पडली. पेपरात बातमी आली, खाली शेअरचा भाव दोन रुपये. मोंढ्यात कुणीतरी ते वाचून दाखवलं असावं. मुंजाजी भर उन्हाचा आमच्या घरी आला आणि पायरीवरच बसला.

"बाई, तुमाला आधीच ठाऊक होतं का?"

"होतं," मी म्हणाले. थोड्या तोऱ्यातच म्हणाले. "म्हणून तर वाचलात."

त्यानं आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाला, "म्हंजी वला कापूस इकला मी."

"तुम्ही कुणाला फसवलं नाही. तुम्हाला कुठं ठाऊक होतं?"

"तवा न्हवतं. आता झालं की. तीन दिसाचा कौल हाय बाई, त्यो ठाऊक झाल्यापसून धरायचा. कुनी घेतले माजे शेअर?"

"ते कळत नसतं. बाजारात विकले."

"बाजार म्हंजी कुनीतरी मानूसच आसंल ना? का मोंढ्यातल्या देवानं घेतले?"

दुसऱ्या दिवशी तो गाडीत बसून हैदराबादेला गेला. आयुष्यात पहिल्यांदा. चार दिवसांनी परत आला तो सरळ माझ्याकडे. शेअर बाजार त्यानं दारातून पाहिला होता. "मानसं लय, बाई. धोतरवाले, टोपीवाले, शेरवानीवाले. बोटं वर करून वरडायलेत. मालाची एक चिमूट न्हाई कुठं. एकाच्या बी अंगावर धूळ न्हाई." दलालाच्या माडीवर त्यानं पैशांची पुरचुंडी पुढं ठेवली आणि माझे दहा शेअर ज्यानं घेतले त्याला हे द्या म्हणाला. दलाल म्हातारा, भला माणूस. त्यानं चहा पाजला आणि सांगितलं, "बाजार कू बेचे सो बाजार कू बेचे, मियाँ. आदमी कू नक्को ढूंढो. उसने भी कब का बेच डाला होंगा."

"तुम्हाला पटलं?" मी विचारलं.

"न्हाई. पर जिन्यात त्याचा कारकून भेटला. त्यो म्हनला, परतेक शेअराला नंबर आसतो आन् कंपनीच्या वहीत नवा मालक लिवतेत. माजे चार हजार चारशे एकाहत्तर ते ऐंशी. तेवढं एक पत्र लिवा इंग्रजीतून."

नंबर त्याला पाठ होते. मी पत्र लिहिलं. पंधरा दिवसांत उत्तर आलं, माझ्या पत्त्यावर, इंग्रजीत, दोन ओळींचं. ते शेअर वैजीनाथ नावाच्या दुकानदाराच्या नावे होते. मुक्काम चुडावा.

चुडावा म्हणजे पूर्णेच्या पुढचं स्टेशन. हैदराबादेला जाता-येता मुंजाजी त्याच्या दारावरून दोनदा गेला होता.

आता ह्या जागी मी काय केलं ते सांगते. मिल बंद पडली तरी उरलासुरला माल निकाली काढायला सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यानं दोन माणसं कामावर ठेवली होती. दिनकरराव त्यातले एक. मुंजाजी चुडाव्याला गेला असता तर काहीएक न लपवता सांगितलं असतं, की खरेदी कारकुनाच्या बायकोनं मला आधी सांगितलं. ती गोष्ट वर पोचायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. स्वतःशी मात्र मी निराळंच बोलले: कोकिळेच्या शिक्षणाचे पैसे हा वेडा कुठल्यातरी वाण्याच्या पदरात टाकून येईल, तर त्या मुलीचं काय? हे कारणही खोटं नव्हतं. ते दुसरं होतं. पहिलं मी त्याच्या मागं लपवलं.

मुंजाजी आला तेव्हा पत्र माझ्या हातात होतं. मी म्हणाले, "नाव कळवत नाहीत. नियम आहे त्यांचा."

"नियम हाय?"

"हो."

"मंग काय," तो म्हणाला. नियम म्हटला की तो मानायचा. पत्राकडे बघून त्यानं विचारलं, "अक्षर लय गोड हाय, न्हाई?" आणि गेला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. ज्याला तो शोधत होता त्याचं गाव इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं त्याच्या डोळ्यांपुढं होतं.

पुढच्या हंगामात मोंढ्यात लोकांना दिसलं, की मुंजाजीची बाही मनगटापर्यंत उतरलीय. तो काट्यावर उभा राहायचा, 'लाभ' म्हणायचा, मोजायचा. गाठोड्यात हात घालत नव्हता. आडत्यांनी चिडवून बघितलं, "मुंजाजी, हाताला लकवा मारला काय रे?" तो हसायचा. घरी कोकिळेनं विचारलं तेव्हा म्हणाला, "ज्याचं सोताचं गाठोडं वलं, त्यानं दुसऱ्याचं कोन्या तोंडानं सोडायचं?"

एका मापाड्यानं हात घालणं सोडलं तर काय बिघडतं? मीही असंच म्हणाले. पण तो हात होता म्हणून बाकीचेही थोडं बघायचे. वर्षभरात गाड्या सर्रास ओल्या यायला लागल्या. खरेदीदार काही मूर्ख नव्हते. त्यांनी सगळ्यांचाच भाव पाडला. कोरडा कापूस आणणाराही ओल्याच्या भावानं विकू लागला, मग तोही पाणी मारू लागला. मी अर्थशास्त्राची बी.ए. हे मला पुस्तक न उघडता समजलं. पत्र कपाटात, साडीच्या घडीखाली होतं. साडेपाच वर्षं मी ती साडी नेसले नाही.

स्वतःहून सांगितलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. साठ सालच्या दिवाळीत कोकिळा कॉलेजातून सुटीला आली. कॉमर्स घेतलं होतं तिनं. माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून चिवडा खाता खाता म्हणाली, "बाई, आमच्या पुस्तकात आहे, कंपनीच्या सभासदांची वही कुणालाही बघता येते. फी भरली की झालं. मग आबांना नाही कसं म्हणाले?"

मी चिवड्याचा डबा बंद करायला लागले. तिनं चिवड्याची वाटी खाली ठेवली.

"बाई?"

मी उठून पत्र आणून तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं, तारीख बघितली, परत वाचलं. रडली नाही, ओरडली नाही. माझीच विद्यार्थिनी. म्हणाली, "हे आबांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

मी पिंगळीला गेले. मुंजाजी अंगणात सुतळी वळत होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, दिनकररावांच्या नोकरीसकट. त्याचे हात थांबले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाला, "चुडावा. जवळच की."

दोन दिवसांनी आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं गेलो. वैजीनाथचं भुसार दुकान स्टेशनाबाहेरच होतं. जाड, हसतमुख माणूस. मुंजाजीनं पोस्टातून काढलेले पैसे त्याच्यापुढं ठेवले आणि शेअर कसे विकले ती हकीकत सांगितली, पत्राचं तेवढं सोडून. वैजीनाथ आधी हसला, मग हसायचा थांबला.

"पाव्हणं, तुमी उगं जिवाला लावून घेतलं. मी बुडलोच न्हाई. मला तर शेअरामागं दोन रुपये सुटले. पुस म्हैन्यातच देऊन टाकले की, गिरनी बंद व्हायच्या आधी."

"कुनाला?"

"एका मास्तरला. पेन्शनीत निघाले होते, म्हातारपणाची सोय म्हणून घेतले. दलाल बी न्हवता मधी. फारमावर सही करून कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी कंपनीला पाठवायच्या आत गिरनी बंद झाली, मंग वहीत माजंच नाव ऱ्हायलं."

"मास्तर कुठले?"

वैजीनाथनं कपाळ चोळलं. "नाव-गाव लिवून ठेवलं होतं वहीत. पर दोन सालाखाली समद्या वह्यांना उधई लागली, चुलीत घातल्या. तिकडं देगलूरकडले का उदगीरकडले... न्हाई बघा आठवत. त्या साली आला आसता तर हातोहात सांगितलं आसतं."

हे तो अगदी सहज बोलला. त्याला काय ठाऊक! मुंजाजीनं पैसे उचलून पुन्हा पुरचुंडीत बांधले.

स्टेशनवर गाडीला दीड तास होता. बाकावर बसल्यावर मी म्हणाले, "मुंजाजी, मला काहीतरी बोला."

"काय बोलू?" तो म्हणाला. "मास्तर म्हनला त्यो. तुमच्यावानीच शिकवत आसंल पोरांना." मग पुरचुंडी कमरेला खोचत, "गाठोडं अजून कुठंतरी पडलंय, बाई. आता त्याला मालक बी गावायचा न्हाई."

गाडी आली. त्यानं मला आधी चढू दिलं आणि स्वतः दुसऱ्या डब्यात बसला.

पुढं पंधरा दिवसांनी माझा कापूस मोंढ्यात गेला. दिनकररावांचं मिलचं काम तोवर संपलं होतं आणि आम्ही बोरीच्या सासरच्या शेतीकडे बघत होतो. शेत वाट्यानं कसणारा बटईदार भुजंग. दिनकरराव आजारी होते म्हणून गाडीबरोबर मी निघाले. पहाटे गाडी भरताना मला चाकाजवळ रिकामी घागर आणि ओली माती दिसली. मी भुजंगकडे पाहिलं.

"समदेच मारतेत, बाई," तो म्हणाला. "मापाडी कुठं बघायलाय आता?"

मला घाई होती. मी गाडीत बसले.

आमचा नंबर मुंजाजीच्याच काट्यावर आला. सौदा झालेला, आडत्या बाजूला उभा, मागं गाड्यांची रांग. मुंजाजीनं मला पाहिलं, नमस्कार केला. मग त्यानं मनगटाचं बटण सोडलं आणि बाही वर गुंडाळायला लागला. एक घडी, दोन घड्या, खांद्यापर्यंत. शेजारच्या काट्यावरचं मोजणं थांबलं. त्याचा हात गाठोड्यात गेला, थांबला आणि बाहेर आला तो चकाकत होता.

डावा हात दांडीवर ठेवून तो म्हणाला, "थांबा. माल कुनाचा?"

भुजंग गाडीमागं सरकला. मी त्याचं नाव घेऊ शकले असते. पाणी त्यानंच मारलं होतं. मी ते घेणारही होते, खरं सांगायचं तर. तोंड उघडलंच होतं. मग मुंजाजीच्या नजरेला नजर गेली. त्या नजरेत राग नव्हता. त्यानं फक्त विचारलं होतं आणि तो उत्तराची वाट बघत होता.

"माझा," मी म्हणाले.

"मोठ्यानं, बाई. मागल्यांस्नी ऐकू गेलं न्हाई."

"माझा."

सारा मोंढा बघत असताना मी आणि मुंजाजीनं खाली बसून गाठोडी सोडली. ओला कापूस वेगळा, कोरडा वेगळा. तासभर लागला. माझ्या शाळेतल्या दोघी मुलींचे वडील त्या गर्दीत होते. सगळं झाल्यावर तो उठला, हात धोतराला पुसला, कोरडं गाठोडं काट्यावर चढवलं आणि म्हणाला, "लाभ."

त्यानंतर मरेपर्यंत त्याची बाही वरच होती. मास्तरांचा शोध त्यानं देगलूर, उदगीर, कंधार, जमेल तिथं घेतला, लागला नाही. पैसे कोकिळेच्या नावावर पोस्टात परत गेले, ते तिनं कधी काढले नाहीत. आमच्या घरी त्याचं येणं-जाणं पूर्वीसारखंच राहिलं. पत्राचा विषय त्यानं परत काढला नाही आणि मीही नाही.

पण त्या दिवशी मोंढ्यात मी 'माझा' म्हणाले ते कापसाला. पत्राचं मला, दिनकररावांना, मुंजाजीला आणि कोकिळेला, चारच माणसांना ठाऊक होतं आणि त्यातली तिघं आता नाहीत. देगलूरकडचे किंवा उदगीरकडचे एक मास्तर पंचावन्न साली दक्षिणतीर मिलच्या दहा शेअरांत बुडाले. नंबर चार हजार चारशे एकाहत्तर ते ऐंशी. त्यांच्या घरातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी मला लिहावं. तो माल माझा होता.